सत्यवान मिस्त्री आणि अडखळणाऱ्या गाड्या

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर होडीचं इंजिन बंद पडलं की माणसं आधी सत्यवान मिस्त्रीला हाक मारायची आणि मग देवाला. काही जण उलट क्रमाने जायचे, पण मग त्यांना समुद्रावर जायला उशीर व्हायचा.

सत्यवानाला बोलायचं वावडं होतं. होडीवर चढला की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. भोवतालची माणसं विडी विझवून गप्प. मग एकच प्रश्न यायचा.

"पाणी मारता मा?"

होडीचं इंजिन समुद्राचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवतं आणि तेच पाणी होडीच्या कुशीतून बाहेर टाकतं. धार नीट पडत असली की इंजिनाचा जीव थाऱ्यावर आहे म्हणून समजावं. धार बारीक झाली की इंजिन तापतं, आणि तापलं की दम टाकतं. हा प्रश्न विचारून विचारून सत्यवानाच्या जिभेला तो इतका चिकटला होता, की लग्नाच्या मांडवात सासऱ्यांना उन्हाने घेरी आली तेव्हाही त्याच्या तोंडून तोच निघाला. त्याची बायको सुभद्रा हे अजून विसरलेली नव्हती.

सत्यवानाचा जन्माचा वैरी एकच होता, खारा वारा. घर समुद्रापासून पन्नास पावलांवर. कुलूप, बिजागरी, छत्रीची काडी, वाऱ्याने काही सोडलं नव्हतं. सत्यवानही मागे हटणारा नव्हता. ग्रीसचा डबा आणि फडकं घेऊन तो घरभर फिरायचा आणि जे लोखंडी दिसेल त्याला माखायचा. जे माखता येत नसे ते मेणकापडात गुंडाळायचा. सुभद्रा म्हणायची, "माका तेवढी सोडल्यान हा, कारण मी गंजणंय नाय."

अशा घरात दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर चार कॉम्प्युटर आले.

ते आणले दिव्याने, सत्यवानाच्या एकुलत्या एका मुलीने. कुडाळला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली, बापासारखी हाताची नीट आणि आईसारखी तोंडाची तिखट. तिने पुढची पडवी झाडूनपुसून घेतली, टेबलं मांडली आणि दुकान सुरू केलं. टायपिंग, परीक्षेचे निकाल, रेल्वेची तिकिटं. पहिल्याच दिवशी तिने बापाला समोर उभं केलं.

"बाबा, एक सांगतंय. हेंच्या आत हात घालूचो नाय. ह्या होडयेचा इंजिन न्हय."

"मी कित्या घालतलंय?"

"आयेच्या मिक्सराक ग्रीस कोणी लायलेला?"

"गंजलो काय तो अजून?"

"गंजलो नाय. पण म्हयनाभर चटणयेक कसलो वास येय होतो ता आठवता मा?"

सत्यवानाला आठवत होतं. मसुऱ्याच्या बाजूला तोंड करून त्याने भराडीदेवीची शपथ घेतली, की यंत्रांच्या आत हात घालणार नाही. पण शपथ घेताघेता एक सवलत मागून घेतली.

"भायले स्क्रू मात्र मीच आवळतलंय. आजकालच्या पोरांका स्क्रू आवळूक कळना नाय."

दिव्याने मान्य केलं. स्क्रू आवळून कुणाचं काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

जानेवारीत ती मैत्रिणीच्या लग्नाला वैभववाडीला गेली, दोन दिवसांसाठी. सत्यवान सहज पडवीत आला आणि यंत्रांकडे बघत उभा राहिला.  पेटीच्या पुढच्या तोंडाला भोकं. बाजूच्या पत्र्याला भोकं. आणि दाराखिडकीतून भरारा येणारा खारा वारा थेट त्या भोकांतून आत. एवढी शिकलेली पोरगी, आणि तिला चाळणीसारखी यंत्रं विकून गेले! दोन पावसाळे निघाले नसते.

आत हात घालायचा नाही, ही शपथ होती. पण बाजूचा पत्रा म्हणजे दार, आणि पुढचं प्लॅस्टिक म्हणजे मुखवटा. दार आणि मुखवटा म्हणजे आत नव्हे, असा निवाडा त्याने स्वतःच केला. चारही पत्रे उतरवले, मेणकापड मापाने कापलं, इंजिनाच्या जोडांना लावतात ते लाल सोल्युशन कडेने लावलं आणि भोकांवर आतल्या बाजूने असं बसवलं की नख घालायला जागा राहिली नाही. मुखवट्याच्या मागेही तसंच. बाहेरून बघणाऱ्याला भोकं जिथल्या तिथे, आणि मेणकापड काळं असल्यामुळे आत अंधार आहे इतकंच वाटावं. मागचा बारीक पंखा त्याने सोडला, कारण तिथे करंट होता आणि करंटाला तो भ्यायचा. मग चारही पत्रे लावून, स्क्रूंना नावापुरतं ग्रीस लावून, त्या दिवशी तो समाधानाने जेवला.

पुढे तीन महिने काहीच झालं नाही. टायपिंगने कुणाला घाम फुटत नाही. सत्यवान हे काम विसरूनही गेला.

एप्रिलात कॉलेजला सुट्टी लागली आणि पोरांनी दिव्याच्या मागे लकडा लावला की खेळ आणा. तिने गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आणला. सगळं दांडी पडवीत लोटलं. पहिली दहा मिनिटं गाड्या वाऱ्यासारख्या धावायच्या. मग वळणावर आली की गाडी थबकायची, डोळ्याची पापणी लवेपर्यंत तशीच टांगून राहायची आणि एकदम पुढे उडी मारायची. तोवर ती समोरच्या भिंतीत घुसलेली असायची.

"दिव्याताय, माझी गाडी उचकी देता!"

"ताय, मी भितीर आपटूक नाय, भितच माझ्यार इली!"

"माझो पैलो नंबर होतो गो, मधीच सगळो देखावो गोठलो!"

उपाय सुरू झाले. आधी विजेचा संशय, म्हणून स्टॅबिलायझर आला. मग सुभद्राने चारही यंत्रांवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्याने पोरांना शिंका आल्या, गाड्यांना काही फरक पडला नाही. शेवटी कुडाळहून चंदन आला. यंत्रं त्यानेच जोडून दिली होती. सत्यवानाने स्क्रू काढून पत्रे उतरवले आणि आतली बाजू भिंतीकडे करून ओळीने टेकवून ठेवले, मिस्त्री लोक ठेवतात तसे. चंदनने आत डोकावून सांगितलं, "चित्राचा कार्ड कमजोर आसा," आणि सगळीकडे मोठी कार्डं बसवली. तासभर खेळून बघितलं. काय गाड्या धावल्या! डॉक्टर दारात आल्याबरोबर ताप उतरावा तसं झालं. चंदन चहा पिऊन गेला, सत्यवानाने पत्रे लावून स्क्रू आवळले, आणि पंधरा मिनिटांत गाड्या पुन्हा उचक्या द्यायला लागल्या.

आता यात दिव्याचं बरंच काही अडकलं होतं. अठ्ठावीस मेच्या रविवारी तिने शर्यतीची स्पर्धा जाहीर केली होती. मालवणचीच नव्हे, वेंगुर्ल्याची पोरंही येणार होती. आणि फळीवर पुण्याच्या एका कंपनीचं पत्र होतं, नोकरीचं. एक जूनला हजर व्हायचं. एका जेवणात तिने सरळ सांगून टाकलं.

"आयतवारी सगळा नीट झाला तर दुकान चलात. मी ऱ्हवतंय. पण तेवा फजिती झाली तर हय कोण पाऊल ठेवूचो नाय. मगे मी पुण्याक जातंय."

सुभद्रा रडवेली झाली. सत्यवानाने भात कालवला, पुन्हा कालवला आणि म्हणाला, "आमटी बरी झाली हा." आमटी त्याने अजून वाढून घेतली नव्हती.

शनिवारी सकाळी चंदनचा फोन आला. दिव्याने मोबाईलचा स्पीकर लावला. सत्यवान उंबऱ्यावर चहा घेऊन बसला होता.

"मी थय एक प्रोग्रॅम टाकून ठेवलंय," चंदन म्हणाला, "खेळ चालू करून तो बघ. प्रोसेसर किती तापलो तो आकडो सांग."

दिव्याने खेळ लावला, वाट बघितली आणि वाचलं, "ब्याण्णव."

"मेलंय मी! अगो, साठाच्या भायर जावक नको. तरीच! प्रोसेसर तापलो की जळाक नको म्हणान आपणच दम घेता, अर्ध्या वेगान चलता. चित्र काढूचा काम कार्डाचा, पण खंयची गाडी खंय आसा ता प्रोसेसर सांगता. सांगणारोच थकलो की काढणारो हात बांधून बसता. तीच ती उचकी."

सत्यवानाला हे अगदी लख्ख समजलं. रापणीला चाळीस माणसं दोर धरून किनाऱ्यावर उभी, आणि जाळं फिरवायला गेलेली होडीच मध्ये अडकली, तर चाळीस माणसं असून काय ओढायचं? आणि चंदनने काय केलं, तर चाळिसाची साठ माणसं आणून उभी केली. आपल्याला कॉम्प्युटर कळला, याचा आनंद त्याला चहाच्या एका घोटाएवढाच वेळ झाला. कारण पुढे चंदन म्हणाला,

"वारो जाता मा आत? भोका बुजाक नाय मा?"

दिव्याने वाकून पुढून बघितलं, बाजूने बघितलं. "नाय रे. भोका दिसतत, साफ आसत."

"मगे प्रोसेसरच बाद. चारय. पण नवे सोमवारशिवाय मिळाचे नाय. मी उद्या येतंय, बघूया."

दिव्याने फोन ठेवला आणि खुर्चीत मटकन बसली. सत्यवानाचा चहा बशीत, बशीतला गुडघ्यावर. पाणी मारता मा? पस्तीस वर्षं सगळ्या दांडीला हा प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःच्या लेकीच्या चार इंजिनांचं पाणी आपल्या हाताने बंद केलं होतं, आणि तेही नख घालायला जागा न ठेवता.

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. पण मिक्सर आठवला. शपथ आठवली. आपण सांगितलं तर ही आजच पिशवी भरील, असंही वाटलं. त्यापेक्षा गुपचूप मेणकापड काढून टाकावं. उद्या सगळं आपोआप बरं झालं की देवाची कृपा म्हणून मोकळं व्हावं.

दुपारी दिव्या जेवायला आत गेली तसा तो पडवीत शिरला. स्क्रू ग्रीसमुळे आवाज न करता फिरला. तेवढ्यात मागून सुभद्राचा आवाज आला.

"अवो, काय करतास?"

सत्यवानाने स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"ऐकतंय."

"काय म्हणता?"

"काय नाय म्हणणा."

सुभद्राचे डोळे भरून आले. "तुमका पण काळजी लागली हा मा? बोलणास नाय, पण माका कळता." तिने आतून त्याच्यासाठी कोकमाचं सरबत आणलं आणि तिथेच पाय पसरून बसली. "आपल्या चेडवान पत्र लिवन फळयेर ठेवलेला आसा, पुण्याक येतंय म्हणान. सोमवारी टाकतला. म्हणान मी विठोबा तांडेलाक सांगान इलंय. सकाळी येवन गाऱ्हाणा घालतलो. कोणी काय करून ठेवला आसात तर भायर पडात."

सरबत सत्यवानाच्या नाकात गेलं. सुभद्रा उठायच्या आत दिव्या आली, आणि मग दिव्या रात्रभर यंत्रांसमोरून हलली नाही.

रविवारी सकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. दांडीची पोरं, वेंगुर्ल्याची पोरं, चंदन, शेजारपाजार. यंत्रांसमोर केळीच्या पानावर नारळ. विठोबा तांडेल म्हणजे एका होडीवरून दुसऱ्या होडीवर बोलण्यात जन्म गेलेला माणूस; त्याच्या गाऱ्हाण्याला देव जागा नसला तरी जागा व्हायचा. त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या पडवीने साथ दिली.

"आज ह्या सत्यवानाच्या चेडवान ह्यो जो काय कॉम्प्युटराचो व्यवसाय मांडलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्यात ज्यो काय गाडयो धावतत, त्यो मधीच उचकी देतत रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" हे पोरांनी सगळ्यात जोरात म्हटलं.

"तर तेका कोणाची नजर लागली आसात, कोणी जाणून नाय तर नेणून काय केला आसात..."

"व्हय म्हाराजा!" सत्यवानाचे नुसते ओठ हलले.

"जेणी कोणी ह्या यंत्रांची तोंडा बांधून घातली आसात, तेच्या दोनय हातांक खरूज..."

"विठोबा, थांब जरा."

 चालू गाऱ्हाण्यात कुणी मध्ये बोललेलं दांडीवर कुणाच्या ऐकिवात नव्हतं. विठोबाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"खरजेचा जरा मागसून सांग," सत्यवान म्हणाला.

"कित्या रे?"

"हात माझे आसत."

तो पुढे झाला, पहिल्या यंत्रासमोर उकिडवा बसला, चार स्क्रू काढले आणि पत्रा उलटा करून सगळ्यांसमोर धरला. काळं मेणकापड, कडेने लाल रेघ, कुठे सुरकुती नाही. चंदनने त्यावरून बोट फिरवलं.

"काय फिटिंग आसा ह्या! कंपनीक सुद्धा जमाचा नाय."

सत्यवानाची मान नकळत वर आली. मग दिव्याचा चेहरा दिसला आणि ती खाली गेली.

"बाबा, तुमी शपथ घेतल्यात."

"आत हात घालूचो नाय म्हणान घेतलंय. ह्या दार. दार म्हणजे आत न्हय."

विठोबाने गावचे बरेच तंटे मिटवले होते. तो हनुवटी खाजवत म्हणाला, "मुद्दो तसो विचार करण्यासारखो आसा."

"तात्यानू, तुमी गप ऱ्हवा!" दिव्या म्हणाली. मग बापाकडे वळली. "पण कित्या, बाबा?"

सत्यवान पत्र्याकडे बघत म्हणाला, "खारो वारो मेलो सोडना नाय. यंत्रा गंजली असती तर दुकान बंद झाला असता. आणि दुकान बंद झाला तर तू..." पुढचं वाक्य त्याला जमलं नाही. त्याच्या मानाने हेच फार लांब झालं होतं.

 दिव्याने दुसरा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि शेजारच्या यंत्राशी बसली. बापलेकींनी मिळून उरलेले पत्रे आणि मुखवटे उतरवले. चंदनने मेणकापड ओढून बघितलं, ते निघेना. शेवटी सत्यवानानेच पानाच्या डब्यातली पातळ सुरी आणून ते सोडवलं. आपलंच चांगलं काम खरवडताना त्याचा जीव तुटत होता, पण तोंड उघडायची ती वेळ नव्हती.

"माझा काय?" विठोबा म्हणाला. "गाऱ्हाणा अर्धा सोडूचा नसता."

मग त्याने पुन्हा हात जोडले. "तर बा देवा म्हाराजा, जा काय झाला ता मायेन झाला, मूर्खपणान झाला..."

"व्हय म्हाराजा!" सुभद्राचा आवाज सगळ्यांत वर होता.

"ता पदरात घे, आणि खरजेचा म्हणणा मी मागे घेतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सत्यवान इतक्या जोरात म्हणाला की वेंगुर्ल्याचं एक पोर दचकलं.

शर्यत तासभर उशिरा सुरू झाली. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. दिव्याचं लक्ष गाड्यांकडे नव्हतं, कोपऱ्यातल्या आकड्याकडे होतं. अठ्ठावन्न. एकोणसाठ. अठ्ठावन्न. वळणं आली आणि गेली, भिंती जागच्या जागी राहिल्या. फक्त चौथं यंत्र अधूनमधून किंचित थबकायचं.

"ह्येचो प्रोसेसर मुळातच बारको आसा," चंदन म्हणाला आणि खेळातल्या रस्त्याकडेचे प्रेक्षक कमी केले. "तेवडी माणसा हलवूचो भार तेच्यार नको."

"तर," सत्यवान मागून म्हणाला, "माणसा उतरवली की होडी हलकी चलता."

तो यंत्रांच्या मागे भिंतीला पाठ लावून उभा होता. शर्यत संपेपर्यंत एकेका पेटीच्या मागे तळवा धरून बाहेर पडणारा गरम वारा तो चाचपत होता. तिथे उभं राहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी हलवलंही नाही. पहिला नंबर वेंगुर्ल्याच्या पोराने काढला. मालवणच्या पोरांनी सबब शोधली, पण यंत्राची सबब आता उरली नव्हती.

सोमवारी दिव्याने पुण्याला लिहिलेलं पत्र फळीवरच होतं. मंगळवारीही होतं. सत्यवान येताजाता फळीकडे बघायचा आणि काही विचारायचा नाही. बुधवारी पत्र दिसलं नाही, म्हणजे टपालात पडलं असणार. त्या दिवशी त्याने कुणी न सांगता सगळ्या बिजागऱ्यांना ग्रीस लावलं, आणि सुभद्राने त्याला अडवलं नाही.

एक जूनला सकाळी तो पडवीच्या उंबऱ्यापाशी आला तर दिव्या टेबलं पुसत होती. चारही यंत्रं चालू होती. चौथ्याच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, आणि त्याखाली दोन घड्या घातलेलं पाकीट होतं. पत्ता वरच्या बाजूला होता. सत्यवानाने पुणे हा शब्द वाचला, आणि मग टेबल हलवून बघितलं. हलत नव्हतं.

तो परत उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. घसा साफ केला.

"पाणी मारता मा?"

दिव्याने वर बघितलं नाही. पहिल्या यंत्रामागे हात धरला. "मारता." दुसऱ्यामागे. "मारता." तिसऱ्यामागे, चौथ्यामागे. "मारता, बाबा. येवा आत. तो स्क्रूड्रायव्हर तेवडो भायर ठेवा."

सत्यवानाने स्क्रूड्रायव्हर उंबऱ्यावर ठेवला आणि आत येऊन खुर्चीवर बसला. बाहेर वारा सुटला होता. थोडा वेळ त्याने कळ काढली. मग उठला, बाहेर गेला आणि स्क्रूड्रायव्हरवर मेणकापडाचा तुकडा टाकून परत आला.